आबांच्या गाडीचं लांब इंजिन

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंदापूर तालुक्यात एका मोटारीचं काळीज चोरीला गेलं होतं आणि मोटार मात्र दारात जशीच्या तशी उभी होती. हसू नका. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण स्वेच्छानिवृत्तीनंतर चार माणसं जमली की माझ्या तोंडी हीच केस येते.

पळसदेवचे एक निवृत्त शिक्षक ठाण्यात आले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याकडे वडिलांच्या काळातली अमेरिकन मोटार होती. वडील मुंबईत एका शेटजींचे ड्रायव्हर. शेटजींनी देश सोडताना गाडी त्यांना देऊन टाकली. दर भीमजयंतीला बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीतून निघे आणि गाडी चालवण्याचा मान आबांच्या पुतण्याचा.

"साहेब, गाडी माझी हाय, पण आतलं इंजिन माझं न्हाय," आबा म्हणाले.

आमच्या हवालदारांनी मिशीत हसून विचारलं, "आबा, इंजिन काय चेहऱ्यावरनं वळखता व्हय?"

"हातानं वळखतो. पंख्याच्या म्होरं माझा पंजा अडकायचा. आता मूठ फिरती."

आम्ही जाऊन पाहणी केली. इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. तिथेच फाईल बंद व्हायची. पण मला त्या आकड्यांचाच संशय आला. इतकी वर्षं तेल आणि धूळ खाल्लेले आकडे असे कोरे करकरीत नसतात.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन. "पुतण्यानं इंजिन विकलं. त्याला उचला." फोन बंद. खबर देणारा माणूस सहसा चाचरतो, अर्धं सांगतो, अर्धं गिळतो. हा नाव, गाव, गुन्हा सांगून मोकळा झाला. एवढ्या तयारीच्या माणसाला मी आधी संशयितांत धरतो.

फोन फक्त आम्हालाच आला नव्हता. वस्तीत कुजबुज सुरू झाली. जयंती तोंडावर, आणि पोरं उघड म्हणू लागली की, यंदा स्टेअरिंगवर दुसरा माणूस बसवा. आबांनी पुतण्याशी बोलणं टाकलं. इंजिन तर गेलंच होतं, आता माणूसही जायला निघाला होता.

पुतण्याला बोलावलं. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, चाळिशीचा गडी. त्याच्यापुढे चहा ठेवला. खोटं बोलणारा माणूस चहा गार होऊ देतो, असा माझा अनुभव. याच्या चहावर साय धरली.

"क्लच कधी जळला?" मी अंदाजाने खडा टाकला. इंजिन उतरलं म्हणजे गाडी आधी कुठेतरी दुरुस्तीला गेलीच असणार.

तो दचकला. "साहेब, आबा लेकीकडं गेलं हुतं. पणदऱ्याला दोस्ताचं लगीन. नवरदेव म्हणला, गाडी आण. आणली. परतताना क्लच गेला. वरातीत बारामतीचं एक शेठ हुतं. म्हणलं, माझ्या शेडवर सोड, फुकट करून देतो. आठवडाभर गाडी तितंच हुती. आबांना कुठल्या तोंडानं सांगू?"

पोलिसाच्या कानाला 'फुकट' हा शब्द फार खुपतो.

बारामतीला त्या शेठच्या शेडवर गेलो. हार्डवेअरचा धंदा, जुन्या गाड्यांचा नाद. मधोमध आबांच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गाडी, आरशासारखी चकचकीत. शेठनी सरबत दिलं आणि तासभर व्याख्यान. अमेरिकेत विकली गेलेली गाडी वेगळी, कॅनडात जुळवलेली वेगळी. आपल्याकडे उजव्या स्टेअरिंगच्या आल्या त्या बहुतेक कॅनडाच्या सुट्या भागांतून. त्यांची बाजूची चकाकती पट्टी आखूड, जाळी निराळी. हवालदारांनी विचारलं, "ही पट्टी हितल्याच लोहाराकडनं मारून घेतली का?" शेठ लालबुंद झाले.

मी दोन गोष्टी मनात टिपल्या. एक, आडून-आडून चोर म्हटलं तरी हा माणूस हसत होता. पट्टीला नावं ठेवल्यावर पेटला. दोन, बंपरपासून राखदाणीपर्यंत सगळं बोलला, इंजिनाबद्दल चकार शब्द नाही.

पुण्यात जुन्या गाड्यांचं मूल्यमापन करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की, इंजिनातही तोच भेद आहे: कॅनडाचं इंजिन अमेरिकेतल्यापेक्षा दोनेक इंच लांब, वरून दोन्ही जुळ्या भावंडांसारखी. आबांची मूठ का फिरत होती, ते कळलं. त्यांच्या गाडीत आखूड, अमेरिकेतलं इंजिन बसलं होतं. असं इंजिन परदेशातून कोण मागवील? ज्याच्या स्वतःच्या गाडीचं अस्सल इंजिन कधीच भंगारात गेलंय आणि ज्याला जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांपुढे बोनेट उघडायचं आहे, तो. मागवल्यावर त्याला कळलं असणार, हे चुकीच्या देशाचं आलं.

पण हा झाला तर्क. त्याच्याही इंजिनाचा नंबर त्याच्या कागदांशी जुळत होता. मग शेठना चौकशीला बोलावलं आणि मी बावळटाचं सोंग घेतलं. पंचनाम्याचा कागद पुढे ओढून मोठ्याने मजकूर सांगू लागलो, हवालदार लिहू लागले: "सदर गाडीस... ट्रकचे... जुने इंजिन..."

शेठ खुर्चीत चुळबुळले. "साहेब, ट्रकचं नाही हो."

"शेठ, या मॉडेलला अमेरिकेत आखूड इंजिन होतं. तुमचं लांब. म्हणजे ट्रकचंच. आबांच्या गाडीतलं आखूड आहे, तेच अस्सल. हवालदार, लिहा."

त्यानंतर शेठ जे बोलले त्याने केस उलगडली. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण तिच्यामुळे मुद्देमाल हाती लागला तर तो टिकतो. शेडमधून नंबर ठोकायचे छाप मिळाले. शेठच्या इंजिनावरच्या घासलेल्या आकड्यांखालून प्रयोगशाळेत आबांच्या आरसी बुकातलाच नंबर वर आला. निनावी फोन शेठच्या दुकानातल्या माणसाचा निघाला. कोर्टाच्या परवानगीने आबांचं इंजिन आबांना मिळालं आणि जयंतीला पुतण्याच स्टेअरिंगवर बसला. शेजारी आबा बसले होते. रस्ताभर त्याला क्लचवरून बोलत होते, म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

या केसने मला एक शिकवलं. माणसाला चोर म्हणा, तो वकील शोधतो. त्याच्या नादाविषयी त्याच्यासमोर चुकीचं बोला, तो स्वतःच साक्षीदार होतो.

स्टेशन डायरीत आम्ही "संशयिताने माहिती दिली" एवढंच लिहिलं. प्रत्यक्षात शेठ टेबलावर हात आपटून उभे राहिले आणि बाहेरच्या ठाणे अंमलदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, काय अडाण्यासारखं लिहिताय! अस्सल लांबच असतं, आबांच्या गाडीतनं मी माझ्या हातानं उतरवलंय!"