ठिपक्याची बरणी

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला सांगत होतो, की आमची चिक्की एवढी कडक, घाटात एकाने ती ट्रकच्या चाकाखाली दगडाऐवजी लावली तर ट्रक तसूभर हलला नाही. फोनवर जवळच्या औंढे गावाहून सुदामची बायको होती. "भावजी, ह्ये उठंनात ओ…" एवढंच. गिऱ्हाईक 'मग पुढं?' विचारत राहिलं. त्या ट्रकचं पुढं काय झालं, ते मला अजून सुचलेलं नाही.

सुदाम आणि मी शाळेत एका बाकावर. तो शिकून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, मी लोणावळ्यात चिक्कीच्या कढईला चिकटलो. निवृत्तीनंतर तो रोज माझ्या कारखान्यात येऊन बसायचा. भाजलेल्या दाण्यांची लाल सालं आम्ही पाखडून मागं टाकायचो. ढीग एवढा, की मुंबईचे ट्रेकर किल्ला समजून चढायला लागायचे! सुदाम त्याच ढिगातून पोती भरायचा. माझ्याशी बोलताना त्याची भाषा गावचीच. "बबन्या, दान्याचं त्याल खवाट हू न देनारं औशद ह्या सालीतच हाय, आन् तू ते फेकतूस व्हय!" सालं स्पिरिटात भिजवायची, गाळायची, गरम पाण्यावर ठेवून स्पिरिट उडवायचं. उरलेली तपकिरी भुकटी पाकात चिमूटभर. पावसाळाभर चिक्की टिकावी आणि एकाही कारखान्यानं सालं फेकू नयेत, एवढाच त्याचा हट्ट.

पहिला तुकडा खाऊन मी ओरडलो, "सुदाम्या, चिक्की हाय का बाभळीची साल?"

"तुरट लागतंय म्हंजी औशद उतरलंय त्यात!" त्यानं टाळी दिली.

चव घ्यायला त्याला मीच लागायचो. "तुजं त्वांड एक नंबर खोटारडं, पर जीभ खरी हाय." एकाच घाण्याच्या दोन बरण्या, एकीत भुकटी, एकीत नाही. भुकटीच्या बरणीला बुडाशी लाल ठिपका. मी चाखत असताना तो स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसायचा, त्याच्या चेहऱ्यावरनं मला कळू नये म्हणून. किती वर्षं दोन्ही बरण्या खवटच निघाल्या… तो नुसता मान डोलवायचा आणि पुन्हा पोतं उचलायचा.

शेवटच्या दोन बरण्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानंच भरून माझ्या फळीवर ठेवल्या होत्या. तो गेल्यावर कितीतरी दिवस मी त्यांना हात लावला नाही. पावसाळा सरल्यावर उघडल्या. एक तुकडा थुंकावा लागला. दुसरा… कालच कढईतून काढल्यासारखा. बरणी उलटी केली. ठिपका.

मी तसाच बाजारात पळालो. दुकानादुकानात सांगितलं. सगळे पोट धरून हसले. "बबनशेठ, ही जमली न्हाई. ती ट्रकवाली सांगा!"

त्याचं स्टूल अजून त्या भिंतीसमोरच आहे. दुकान उघडलं की मी दोन्ही बरण्यांतला एकेक तुकडा जिभेवर ठेवतो आणि त्या बाजूला बघून सांगतो, "ही खवाट. ही ताजी." तेवढंच. वाढवून काही सांगत नाही.