हनुवटीखालचा हात

छापखान्यात डीटीपीला बसणाऱ्या ताईला सगळे हनुवटीताई म्हणत. परका शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा असा प्रश्न आला की ती हनुवटीखाली तळहात धरून तो मोठ्याने म्हणायची. जबडा जितक्या वेळा हाताला लागेल तितके त्याचे तुकडे. सॉफ्टवेअर वाटेल तिथे शब्द मोडतं, हनुवटी चुकत नाही, असं तिचं ठाम मत.

फ्रेंच क्रियापदांचं पुस्तक तिने हट्टाने मागून घेतलं, तेव्हा मालकांनी बजावलं होतं, "बिघडलं तर पुढचे भाग बाहेर देईन." लेखिकाबाईंनी सगळी रूपं बोलून रेकॉर्ड करून दिली. तीन आठवडे ताईच्या कानात बाईंचा आवाज आणि हनुवटीखाली हात.

"काय गं, दाढ दुखतेय का अजून?" मशीनवाले काका विचारायचे.

"दाढ नाही काका, व्याकरण."

छपाईच्या दिवशी सकाळी बाई शेवटचं प्रूफ बघायला आल्या. 'पार्लों', म्हणजे 'आम्ही बोलतो'. ताईने 'पार' काळं ठेवून 'लों' लाल केलं होतं. सगळं पुस्तक तसंच.

बाईंचा चेहरा उतरला. "अहो ताई, हे उच्चाराचे तुकडे झाले. मला लाल हवा होता प्रत्यय. मूळ 'पार्ल', त्याला 'ओं' चिकटतो."

'शेवटचा तुकडा लाल' एवढंच ताईने टिपून घेतलं होतं. कुठला तुकडा, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

मालकांनी घड्याळ पाहिलं. "चारला मशीन लागायचंय. बाहेरच द्यायला हवं होतं."

"चूक माझी," ताई म्हणाली. "चारला प्लेटा तयार असतील."

तिने तक्ते पुन्हा पाहिले. 'आम्ही'च्या ओळीत जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला तेच शेपूट, तीन रोमन अक्षरांचं, 'ons'. 'तुम्ही'च्या ओळीत दोन, 'ez'. म्हणजे शब्द एकेक करून रंगवायचे नव्हतेच, ओळ धरून रंगवायचे होते. आडमुठी क्रियापदं तेवढी बाईंना शेजारी बसवून हाताने केली. आणि उच्चाराचे तुकडेही तिने पुसले नाहीत, त्यांच्या मधोमध फिकट ठिपके घातले.

"रंग बघून घडण कळेल, ठिपके बघून जीभ कुठे थांबते ते कळेल," ती म्हणाली. बाई बराच वेळ पान न्याहाळत राहिल्या. मग मालकांना म्हणाल्या, "पुढच्या भागातही ठिपके हवेत मला. यांच्याच हातचे."

 मालकांनी पुढच्या भागाची फाइल ताईच्या टेबलावर आणून ठेवली.

चार वाजता मशीन सुरू झालं. काकांनी पहिला कागद उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हनुवटीखाली हात धरला.

"पार, लों," ते पुटपुटले. "दोन भरले गं."