ओटी घेऊन वायनरीत

आमच्या वर्तकनगरच्या ऑफिसात चहाला जमलो की कुणीतरी दिंडोरीचा विषय काढतोच. मग एकातून दुसरा किस्सा निघतो आणि चहा गार होतो. सम्या तेवढा उठून जातो, कारण त्याची भीती अजून गेलेली नाही.

•

दिंडोरीची वायनरी बघायची, हा प्लॅन दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या तावडेचा. पण घरी काय सांगायचं? तेही त्यानेच सुचवलं.

"त्याच रस्त्याला पुढे वणीची देवी आहे. देवीला जातोय म्हणायचं! खोटं पण नाही."

सगळ्यांच्या घरी पटलं. डोंबिवलीला सम्याच्या घरी जरा जास्तच पटलं! त्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि आधीच्या खेपेला बाळ राहिलं नव्हतं. आईने खण, नारळ, तांदूळ घातलेली पिशवी त्याच्या हातात दिली. "देवीची ओटी भरायची. बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे, असा नवस बोल. आणि पिशवी कुठे खाली ठेवू नकोस!"

•

वायनरीत सम्या पिशवी छातीशी धरून उभा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ग्लास गोल फिरवा, मग वास घ्या."

त्याने फिरवला. एक लाल थेंब पिशवीवर पडला आणि सम्या पांढराफटक!

"खणाला लागलं का बघ रे!"

खण कोरडा होता. तरी त्याने ग्लास तोंडाला लावला नाही.

मुलगी म्हणाली, "नुसती चव घेऊन या भांड्यात थुंकलं तरी चालतं."

तावडे भडकला. "आमच्या दिव्यात हंडाभर पाण्यासाठी भांडणं होतात, आणि तुम्ही प्यायची वस्तू थुंकायला सांगता?" सम्याचा ग्लासही त्यानेच संपवला.

•

पुढे गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलत होता आणि सम्या पुटपुटत होता, "देवी कोपली रे."

आम्ही हसलो. पण मीही गुपचूप खणावर डाग नाही ना, ते पुन्हा बघितलं. आधीच्या खेपेला हॉस्पिटलात त्याच्या शेजारी मीच बसलेलो.

•

गडाच्या पायथ्याशी तावडेने अख्खं बडीशेपचं पाकीट तोंडात ओतलं. तरी पिऊन वर जायची हिंमत त्याला झाली नाही, मलाही नाही. सम्या एकटा निघाला, तेवढ्यात आईचा फोन.

"वाटेत कुठे थांबलात?"

हातात ओटी असताना खोटं कसं बोलणार! सम्या म्हणाला, "एका... द्राक्षाच्या मळ्यात."

"बरं झालं हो! ओटीला भरल्या मळ्याचा वारा लागला."

•

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशाला आम्ही गेलो, तर सम्याच्या आई बर्फीचं ताट घेऊन समोर उभ्या.

"आता नवस फेडायला जायचं. सूनबाई, नात आणि तुम्ही दोघंसुद्धा. जसे गेलात, अगदी तसेच. त्या मळ्यावर आधी थांबायचं, तिथल्या बाईंचीही ओटी भरायची आहे मला. समीर मळा कुठला ते सांगतच नाही. तावडे, तुम्ही सांगा!"

तावडेने बर्फी न चावताच गिळली.