कापूस जातो, वाट राहते

आदिलाबाद शहर, जैनथ मंडळ, पैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं, तसंच लग्नसराईत माझ्याकडून पराती नेऊन अद्याप परत न केलेली समस्त सभ्य मंडळी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, डॉक्टर मुरलीधर टेंभरे, राहणार पूर्वी जैनथजवळ, आता साता समुद्रापार, हा माझा मित्र राहिलेला नाही. ज्यांनी आजवर माझ्या तोंडून त्याचं कौतुक ऐकलं असेल, त्यांनी ते माझ्या दुकानात आणून परत करावं. पावती मिळणार नाही.

एवढं जाहीर केल्यावर मी मोकळा व्हायला हवा होतो. पण मुरलीचं कौतुक करायची मला शाळेपासूनची सवय. तंबाखू सुटली, ही सुटत नाही. तेव्हा आधी कौतुकच ऐका.

माझा धंदा मांडवाचा आणि जेवणावळीचा. मुरली दर वर्षी सुटीवर यायचा तो वैशाखात, म्हणजे आमच्या ऐन धांदलीत. बाकीचे पाहुणे सोफ्यावर बसत; हा सरळ मांडवामागे, भट्ट्यांपाशी. हात पाठीशी बांधून कढईखालच्या कोळशांकडे असा बघायचा, जणू मुलगी बघायला आला आहे.

"सुध्या, हा लाल सातशे अंशाचा. तो कोपऱ्यातला नारिंगी दिसून राह्यला ना, तो हजारावर गेला. तुह्या जिलेब्या त्याच बाजूनं जळतीन."

आणि जळायच्या! आमचा आचारी नारायण त्याला बघितलं की झारा आपटायचा. "मुरलीभाऊ, तुमी नवरदेवाकडं बसा ना बापा. आमाले शांतीनं जाळू द्या."

"नारायण, घाई करून राह्यला तू. तापवायचं नसते रे. तापू द्यायचं असते."

हे त्याचं घोषवाक्य. नव्या कढईपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांना तो हे एकच लावायचा. नवी वस्तू एकदम तापवली की तिच्यातली कोंडलेली हवा उसळते आणि ती तडकते. हळूहळू तापू दिली की ती सारं बाहेर टाकते आणि मग आयुष्यभर साथ देते. त्याच्या प्रयोगशाळेत म्हणे एकेक वस्तू अशी दिवसच्या दिवस तापू देत, राखण करत बसावं लागे.

मुरली विस्तवाकडे वळला तो कापसामुळे. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरातच येतो. खोल्या आढ्यापर्यंत भरतात, माणसं ओसरीवर झोपतात आणि पोरं त्या ढिगावर उड्या मारतात. मुरलीच्या घरीही तेच. फरक एवढाच की कापूस उंबऱ्याच्या आत आला की मुरली शिंका देत उंबऱ्याच्या बाहेर. एकदा सुरू झाल्या की थांबत नसत. डोळे सुजत, नाक रताळ्यासारखं होई. मग वेचणीच्या दिवसांत त्याचं अंथरूण आमच्या बिनशेतीच्या घरी. सगळं घर वावरात गेलं की त्याची आई, आमची गिरजामाय, त्याला अंगणातल्या चुलीपाशी बसवून जायची. "कापसाच्या कामाचा तं नाई तू. निदान इस्तू तं सांभाळ." त्यानं तो असा सांभाळला की थेट परदेशात जाऊन पोचला.

गावात मात्र कुणी विचारलं, मुरली काय करतो, तर उत्तर एकच: बॉम्ब बनवतो. शेवटी एकदा मीच त्याला भट्टीपाशी धरलं. म्हटलं, मला समजेल असं सांग, नाहीतर आज बासुंदी नाही.

त्यानं माझ्या मांडवाकडे बोट दाखवलं. "समज, हा मांडव माणसानं गच्च भरला. अन् एकदम आत एक पाहुणा जन्माले येते."

"जन्माले?"

"हो. आमी बाहेरून प्रोटॉनचा मारा करतो. आतले अणू फुटते, अन् जगात कुठंच सापडत नाई असा नवा अणू तयार होते. पण त्याची जिंदगी दोन-चार सेकंदाची. तेवढ्यात त्यानं गर्दीतून वाट काढून दारापाशी आलं पाहिजे."

"अन् दारापाशी काय, पानसुपारी?"

"दारापाशी माहा माणूस उभा. तो पाहुण्याची टोपी काढून घेते. बिनटोपीचा झाला की आमी त्याले विजेच्या जोरानं ओढतो अन् झोतात पळवतो."

टोपी म्हणजे इलेक्ट्रॉन. टोपी काढणारा म्हणजे आयन स्रोत. आणि मांडव म्हणजे त्याचं टार्गेट: बोटाएवढ्या जाड नळीत पापडासारख्या रचलेल्या चकत्या, दोन हजार अंशांवर तापवलेल्या. मांडव थंड असला तर पाहुणा भिंतीला चिकटून बसतो आणि तिथंच संपतो. फार तापला तर चकतीतले कणच एकमेकांना चिकटतात, मधल्या वाटा बुजतात, तरी पाहुणा संपतोच. "सारी जिंदगी दारं उघडी ठेवायच्या मागं हाओ मी," मुरली म्हणाला, आणि दोन वाट्या बासुंदी प्यायला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलला. मी विचारलं होतं, एखादं टार्गेट बिघडलं तर उघडून दुरुस्त करता का? तो हसला. "बिघडलेलं टार्गेट उघडून पाहता येत नाई, सुध्या. त्याचे किरण माणसाले जवळ येऊ देत नाई. शिशाच्या पेटीत बंद करायचं, अन् काऊन बिघडलं ते बाहेरून ओळखत बसायचं." मला वाटलं, काय अभागी धंदा! माझा शिरा करपला तर मी निदान चाखून तरी बघतो.

हे सगळं संभाषण माझी मुलगी प्राजक्ता खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. तेव्हा ती शाळेत होती. पुढं ती बासरला, सरस्वतीच्या गावी, शिकायला गेली ती पदार्थविज्ञान घेऊन, आणि त्याला कारण मी किंवा सरस्वती नव्हे, कारण मुरलीकाका. त्याला वैशाखात विचारायचे प्रश्न ती वर्षभर साठवायची. तोही आल्या आल्या बॅग ठेवायच्या आधी हाक मारायचा, "कुठं हाय माही असिस्टंट?" गिरजामाय म्हणायची, "हे पोरगी मुरल्याच्याच पोटची व्हायची, चुकून सुध्याच्या घरी आली." मी ते अभिमानानं चारचौघांत सांगायचो.

एका वैशाखात प्राजक्तानं त्याच्यासमोर पेढ्यांचा डबा ठेवला. त्यानं पेढा समजून हात घातला. आत करड्या रंगाच्या, बिस्किटासारख्या भुसभुशीत चकत्या होत्या.

"काका, कापूस वापरला तं? क्षाराच्या पाण्यात कापूस भिजवायचा, दाबायचा अन् भाजायचा. कॉलेजच्या भट्टीत जमलं मले. धागा जिथं जिथं व्हता तिथं पोकळ नळी राह्यते. कापूस जातो, वाट राहते."

  मुरलीनं एक चकती उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा डब्यात ठेवली. मग मोठ्यानं हसला. "वा! उद्या सरकी घालू, परवा पऱ्हाटी!" पण डबा त्यानं बॅगेत ठेवला. म्हणाला, आमच्या भट्टीत टाकून पाहतो.

वेचणी सुरू व्हायच्या सुमारास त्याचा फोन आला. प्राजक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होती. तिचं "हो काका, हो काका" तेवढं मला ऐकू आलं. फोन ठेवून म्हणाली, "फुटलं बाबा. दोन हजारापर्यंत टिकलंच नाई. भुगा झाला म्हणे. काका म्हणाले, याचा नाद सोड."

"मंग दुसरं काई करून पाहू ना!"

"तुमाले नाई समजत बाबा. काकानं सांगितलं ना."

संशोधनाच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. या कापसाच्या जोरावरच ती जाणार होती. गेली नाही. आता आदिलाबादेत इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना शिकवते, आणि छान शिकवते. पोरं तिच्या नावानं घाबरतात आणि तिच्याच वर्गात बसतात. पण कोळशांकडे बघत उभं राहणं तिनं सोडलं. मुरली आला की पाया पडायची, चहा द्यायची, आत जायची. आणि मी, काय सांगू, मी उलट त्याचेच आभार मानायचो. पोरीला वेळीच खरं सांगणारा माणूस मिळाला म्हणून!

गेल्या वैशाखात मुरलीला तिकडं काहीतरी मोठा मान मिळाल्याची बातमी आली. कशासाठी, ते इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. गावानं ठरवलं की बॉम्ब फुटला असेल. सत्कार ठरला शाळेच्या मैदानात. मांडव अर्थातच माझा. आमच्या भागात सत्काराला तीन भाषा लागतात: फलक तेलुगूत, सूत्रसंचालन हिंदीत आणि कुजबूज मराठीत. ओळख करून द्यायला प्राजक्ताला उभं केलं. ती फार सुंदर बोलली. "काकांनी मला विस्तव वाचायला शिकवला," म्हणाली. मग खाली येऊन पहिल्या रांगेत बसली. मध्ये गिरजामाय, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला प्राजक्ता. म्हातारीनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि दर दोन मिनिटांनी मागच्या रांगेला सांगत होती की तो माहा पोरगा आहे.

मुरली बोलायला उभा राहिला. प्रमाण मराठीत बोलत होता, टाळ्यांसाठी थांबत होता. आधी माझाच मांडव, माझाच पाहुणा आणि माझीच टोपी. लोक पोट धरून हसले, मी सगळ्यांत जास्त. मग म्हणाला, वर्षानुवर्षं अडलेला प्रश्न एकच होता: तापलेल्या चकतीतल्या वाटा उघड्या कशा ठेवायच्या. "आणि तो प्रश्न, मित्रहो, कुणी सोडवला? आपल्या आदिलाबादच्या कापसानं!"

मांडव टाळ्यांनी हलला. समोर बसलेला प्रत्येक माणूस कापूस पिकवणारा होता. मी प्राजक्ताकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच उताणे पडले होते.

म्हणजे फुटलं नव्हतं. टिकलं होतं.

खोटं सांगितलं हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही, माझा निर्लज्ज आशावाद बघा, मला वाटलं की आता तो नाव घेणार. तिला चकित करायला एवढी वर्षं लपवलं असेल. सत्काराचा हार तिच्याच गळ्यात घालेल. मुरलीनं आमच्या रांगेकडे पाहिलंसुद्धा. प्राजक्ताची मान थोडी वर झाली. मी खुर्चीच्या कडेला आलो. कारण नाव घेतलं की तिला हाताला धरून वर न्यायला कुणीतरी हवं होतं.

तो आमच्यावरून नजर काढून लांब, मांडवाच्या खांबांकडे बघत बोलू लागला. "एकदा मी वेचणीच्या दिवसांत गावी आलो होतो. पहाटेचं धुकं होतं. आईबरोबर वावरात कापूस वेचत होतो. बोंडातला कापूस बोटांना चिकटला, आणि माझ्या मनात आलं..." इथं त्यानं आवाज खाली आणला. "...कापूस जातो, वाट राहते."

नोकरी लागल्यापासून हा गृहस्थ वेचणीच्या दिवसांत गावी एकदाही आलेला नाही. पण ते जाऊ द्या. तिचा कापूस घेतला, तिच्या चकत्या घेतल्या, वर तिचं वाक्यही घेतलं, जसंच्या तसं. मला उठून ओरडायचं होतं. मांडव बांधताना गावभर ऐकू जाणाऱ्या माझ्या आवाजाला त्या दिवशी वाट मिळाली नाही. 

का केलं असेल त्यानं? भीतीनं, हावेनं, की डबा परत करायला उशीर होत गेला आणि मग देता येईना म्हणून? मी रोज बाहेरून ओळखत बसतो. पेटी उघडत नाही. सत्कार झाल्यावर तो मागं भट्टीपाशी आला होता, हात पाठीशी बांधून. नारायणनं कोळशांवर पाणी ओतलं.

पण मी सांगण्याच्या ओघात पुढं गेलो. अजून तो व्यासपीठावरच आहे. वाक्य म्हणून झालंय, त्यानं डोळे मिटलेत, टाळ्यांसाठी थांबलाय. प्राजक्ता समोर बघते आहे. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, कौतुकानं ओथंबलेल्या, वावराच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारायच्या आवाजात गिरजामाय म्हणाली,

"अरे मुरल्या, तू कवा येचला रे कापूस? तुले तं शिंका येत व्हत्या!"