कॅप्टन चैतू आणि जैनीबाईचं झाड

चैतू गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. खोटं नाही सांगत. आमच्या कॉलेजच्या जुन्या फुटबॉल टीमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर सकाळी सकाळी त्याचा फोटो आला, जर्सीतला, सगळे दात दाखवून हसणारा. खाली काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट न घेता मी एक केक, दोन फुगे आणि ‘जियो कॅप्टन’ असं पाठवून आंघोळीला गेलो. पहिला तांब्या अंगावर घेतो न घेतो तोच रफिकचा फोन. “पम्या, अबे, खालचं वाच ना बे...” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. ओल्या अंगानेच वाचलं. ताप आला होता, मलेरिया मेंदूत गेला, गडचिरोलीला नेईपर्यंत... मी घाईघाईने केक पुसला, पण तोवर तो सगळ्यांनी पाहिला होता. कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तो एकट्या चैतूने. त्या एका केकवर तो मला पुढची दहा वर्षं छळत राहिला असता.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. माझं घर राइस मिलच्या मागे, त्यामुळे कोंड्यात लोळून मोठा झालेला मी. तो धानोऱ्याच्या पलीकडचा, जंगलातल्या गावचा, होस्टेलला राहणारा. त्याच्याच गावचे आणखी तिघं टीममध्ये होते आणि ते चौघं मिळून आमचा बचाव. चैतू मधला. त्यांच्या मागे गोलात मी, आणि मी गोलकीपर झालो तो निव्वळ रुंदीमुळे. आमचे खेळाचे ढोके सर म्हणाले होते, “तू नुसता उभा राह्यला तरी अर्धा गोल झाकला जाते.” उरलेला अर्धा चैतूने झाकायचा, असा एकूण बेत होता.

आणि काय झाकला त्याने! त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आमच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती, आमची तर नव्हतीच. बल्लारपुरात पहिल्याच सामन्यात मी मारलेला चेंडू सरळ त्यांच्या फॉरवर्डच्या पायात गेला. त्याने आभार मानल्यासारखा गोलात मारला, आणि कुठून कोण जाणे, चैतूने रेषेवरून तो डोक्याने परतवला. वरोऱ्यात काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत, आणि मध्यंतरानंतर शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानाबाहेर कुणाकडे तरी भजी मागत होतो. वळून पाहतो तर खेळ सुरू, त्यांचा हल्ला आलेला आणि माझ्या जागी चैतू उभा. “झाली का खाऊन? ये मंग,” असं म्हणून गडी निवांत आपल्या जागेवर गेला. पण सामने निघत गेले. एक निघाला, दुसरा निघाला, रफिकचे पाय असे काही सुटले की समोरचे नुसते बघत राहायचे. सेमीफायनलला शेवटच्या कॉर्नरवर चैतू अख्खं मैदान कापून पुढे आला, उडाला, आणि त्याच्या कपाळावरून निघालेला चेंडू जाळीत! आम्ही सगळे त्याच्यावर पडलो. मी सगळ्यात शेवटी पडलो, म्हणून खालच्यांची हाडं अजून दुखतात असं ते सांगतात. आमचं कॉलेज पहिल्यांदाच फायनलमध्ये गेलं होतं.

पावसाळ्यात सुरू झालेली ती स्पर्धा परीक्षा, सुट्ट्या आणि मैदानांच्या भानगडी करत करत मार्चअखेरपर्यंत लांबली होती, आणि घात झाला तो इथे. मार्चअखेर म्हणजे मोह. तिकडच्या गावांत मोहाची फुलं पडायला लागली की घरटी सगळे हात पहाटेच झाडाखाली लागतात. वर्षाचा अर्धा आधार त्या आठ-पंधरा दिवसांत जमिनीवर पडलेला असतो. फायनलला चार दिवस उरले आणि आमचा अख्खा बचाव गायब. चैतूचा निरोप तेवढा आला, आई एकटी आहे, मोह पडून राह्यला. ढोके सर अर्धा दिवस डोक्याला हात लावून बसले आणि मग उठून म्हणाले, “पोट्टेहो, टोपल्या घ्या. बारा जन वेचाले लागू, चौघांचंबी काम हातावेगळं करू आनि त्याइले घेऊन येऊ.”

बसने, मग ट्रॅक्टरने, मग चालत आम्ही चैतूच्या गावात पोचलो. त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली “जोहार”, मी म्हणालो “जय भीम”, आणि दोघांचंही समाधान झालं. तिने आम्हाला दोन दिवस आंबील आणि भात घालून सांभाळलं. आम्हीही कामाला लागलो. तिथली रीत अशी की जंगलातलं प्रत्येक मोहाचं झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. कागद नाही, कुंपण नाही, पण गावाला सगळं पाठ. चैतूने आम्हाला आपली झाडं दाखवून दिली, वर एक सूचनाही दिली, “अस्वल येते मोह खायाले. खसखस आयकू आली तं पळजो.” दुसऱ्या दिवशी पहाटे मला खसखस ऐकू आली. मी पळालो. असा पळालो की मैदानावर कधी पळालो नव्हतो. थांबलो ते एका दुसऱ्याच झाडाखाली, आणि तिथे फिकट पिवळ्या फुलांचा सडा... एकाही माणसाचा हात न लागलेला. मी म्हटलं, अरे वा! दोन टोपल्या भरून मी मिरवत गावात आलो. ते अस्वल म्हणजे झुडपाआड बसलेले ढोके सर होते, हे मला नंतर कळलं. आणि ते झाड जैनीबाईचं होतं, हेही.

जैनीबाई म्हणजे काठीसारखी म्हातारी, मागे-पुढे कुणी नाही, आणि तिचं म्हणावं असं ते एकच झाड. दुपारी गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोर, गाव बसलं. दुसऱ्याचा मोह वेचणं ही तिथे फार मोठी गोष्ट. मी टोपल्या परत दिल्या, हात जोडले, कान पकडले, पण जैनीबाई गोंडीत ठामपणे काही बोलली आणि चैतूने चेहऱ्यावरची माशी न हलवता मराठी करून सांगितलं, “ज्यानं वेचला त्यानं झाड थांबेपर्यंत तिचा मोह वेचून द्याचा म्हनते.” झाड थांबायला अजून आठवडा तरी होता. फायनल उद्यावर. ते ऐकताच आमच्या टीमचे चेहरे उजळले. रफिक तर उठून उभाच राहिला. “बाई, ठेवून घ्या याले! जेवाले थोडा जास्त लागते, पन आमची कायबी हरकत नाई.” गाव हसलं, सर हसले, मीसुद्धा हसलो. चैतू हसला नाही. तो म्हणाला, पाहुणा माझ्या घरचा, तर वेचणं माझ्याकडे. गावाने मान डोलावली. तिथे हाच न्याय होता.

आता हसू कुणालाच येईना. सरांनी विनवलं, आम्ही विनवलं, मी तर खरोखरच म्हणालो की मी राहतो, तू जा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “तू वेचशीन? तुले अर्ध्या दिवसात चक्कर येते गा. मॅच दरसाल होते, पम्या. तिचं झाड एकच हाय.” आणि ज्याच्या डोक्याने आम्ही फायनलला पोचलो होतो, तो चैतू टोपली घेऊन निघालासुद्धा. पण चालताना त्याने एकदा मान वळवून आमच्या पिशवीतल्या चेंडूकडे पाहिलं. मी पाहिलं ते, आणि जैनीबाईनेही पाहिलं. तिने काठी आपटून त्याला थांबवलं आणि काहीतरी विचारलं. हे काय आहे ज्याच्यासाठी तू असा बघतोस, ते आधी दाखव, असं तिचं म्हणणं.

मग काय! धान निघालेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आम्ही विरुद्ध गावातली पोरं असा सामना लागला. बायका, म्हातारे, कोंबड्या, सगळे बांधावर. गावाने आम्हाला हरवलं, हे इथे लिहायला हरकत नाही. बांधाच्या धुऱ्यावरून उसळलेला चेंडू माझ्या पायांमधून दोनदा गेला. चैतू मात्र त्या ढेकळांत असा खेळला की त्याच्या आईने तोंडावर पदर घेतला. जैनीबाईने सगळं पाहिलं आणि निकाल दिला. चैतूने तो धापा टाकत सांगितला, “जा म्हनते. पन परवा सकाळी सगळ्याच्या सगळ्याइनं झाडाखाली याचं. जिंकले तरी, हारले तरी. आनि या जाड्याले सांग म्हनते, चेंडू हातानं धराचा असते.”

चंद्रपुरात फायनलला समोर ट्रॅकसूटवाली टीम, नवेकोरे बूट, स्वतःचा डॉक्टर. आमच्या अंगाला मोहाचा वास. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी आमच्यावर हल्ल्यावर हल्ले चढवले आणि चैतूने एकेक हल्ला असा उचलून बाजूला ठेवला, जसा घरातला पसारा आवरावा. कुणाचाच गोल झाला नाही. पेनल्टी! चैतूने मारली, बसली. रफिकने मारली, बसली. त्यांच्या शेवटच्या पोराची चुकली तर चषक आमचा. मी मनाशी पक्कं केलं, डावीकडे झेपावायचं. झेपावलो, पाय सटकला आणि जिथे उभा होतो तिथेच बदकन बसलो. चेंडू सरळ माझ्या पोटात आला. मी त्याला हातांनी धरलं, असं धरलं की पंचांना सोडवून घ्यावा लागला. पुढचं नीट आठवत नाही. सर रडत होते, कुणीतरी माझी पप्पी घेतली, आणि चैतू कानात ओरडत होता, “बुढीचं आयकलं बे तू! बुढीचं आयकलं!”

मूलच्या स्टँडवर प्राचार्य हार घेऊन आणि बँडवाले ढोल घेऊन उभे होते. आमची मेटॅडोर तिथे थांबली, पण मिरवणुकीला चैतू नाही म्हणाला. हार गळ्यात घेतले, ढोलावर पाचच मिनिटं नाचलो आणि निघालो. उजाडताना चषकासकट जैनीबाईच्या झाडाखाली हजर. टोपल्या पुरेनात तेव्हा रफिकने चषकच पुढे केला. विद्यापीठाचा विजेता चषक आम्ही काठोकाठ मोहाने भरला आणि तिच्यासमोर नेऊन ठेवला. तिने तो उचलून पाहिला, हलवून पाहिला. चैतू हसता हसता खाली बसला. “टोपलीत जास्त मावते म्हनते!”

पुढे मी वरोऱ्याला नोकरीला लागलो, तो आश्रमशाळेत मास्तर झाला. तिथल्या पोरा-पोरींच्या दोन-तीन टीम त्याने जिल्ह्याबाहेर नेऊन जिंकवल्या. जैनीबाई गेल्यावर गावाने ते झाड चैतूच्या घराला दिलं. पण माझी शिक्षा संपलेली नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. दर वर्षी मार्चात फोन यायचा. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. “पडून राह्यला. येजो.” मी जायचो. एका सकाळभर दोघं वाकून वेचायचो, म्हणजे तो वेचायचा आणि मी कंबर धरून त्याला आमच्या सामन्यांच्या गोष्टी सांगायचो, प्रत्येक वर्षी माझा पेनल्टीचा झेल थोडा थोडा उंच करत. तो कधी दुरुस्त करायचा नाही. “मंग? मंग?” एवढंच म्हणायचा.

या वर्षी तो गेला तेव्हा मोह कळीतच होता. मार्च लागला, फोन काही वाजला नाही. मग मी न बोलावता गेलो. त्याची आई झाडाखाली पालापाचोळा लोटत होती, एकटीच. मला पाहून तिने बुंध्याकडे हात केला. बुंध्याजवळ दोन टोपल्या ठेवल्या होत्या. एक दर वर्षी माझ्या वाट्याला येणारी छोटी, आणि दुसरी त्याची, मोठी, बूड झिजलेली, काठाला बुटाची लेस गुंडाळलेली. मी सवयीने छोटीला हात घातला. “ते नोको,” ती म्हणाली, “ते माही हाय आता.” आणि ती वाकून वेचायला लागली... मी मोठी उचलली. दुपारपर्यंत गोष्ट एकही सांगितली नाही, तरी ती टोपली भरायची राहिलीच.