आरशापुरतं एक भोक

भिंतीला भोक पाडायला अर्धं मिनिट लागतं. मला साडेतीन तास लागले आणि त्यात एक नवी कोरी गादी कामास आली.

आमचं घर देवबागला. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या करून शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, होमस्टे काढला. दोन वर्षांची तिची खटपट! कोल्हापूरच्या एका काका-काकींचं पहिलं बुकिंग आलं, तेव्हा तिने देवापुढे पेढे ठेवले. "पहिलो रिव्ह्यू बरो इलो तर पुढचे येतले," असं ती घरभर सांगत फिरत होती. काकींनी फोनवर एकच विचारलं होतं, खोलीत मोठा आरसा आहे ना? शुभांगी म्हणाली, आहे. (होताच. फक्त भिंतीवर नव्हता.)

"सुताराक बोलवतंय," ती म्हणाली.

"एका भोकाक सुतार? मी काय मेलंय?"

बाजारात जाताना ती एवढंच म्हणाली, "धुरळो उडता नये हां. गादीर पांढरी चादर घातलंय."

भिंत नुकतीच रंगवलेली, पांढरीफेक. पण आमची घरं चिऱ्याची. वरचा गिलावा संपला की आत लाल दगड, आणि त्याची पूड म्हणजे नुसतं कुंकू! म्हणून मी आधी बंदोबस्त केला. पावसात होडीवर घालतो ते निळं प्लास्टिक पलंगावर अंथरलं. दारं-खिडक्या लावल्या. तोंडाला शुभांगीची ओढणी बांधली. भोकाच्या जागेखाली कागदाचा खिसा करून चिकटपट्टीने लावला आणि ड्रिल चालू केलं. घर्रर्र! चिकटपट्टी सुटली ती भिंतीचा रंग घेऊनच. खिसा खाली आणि लाल धुरळा वर!

मी शिंकत असताना शेजारचा बाबी आला. ड्रिल त्याचंच होतं.

"मेल्या, सुक्या कित्या करतंस? पाणी मार! खळ्यात केर काढूच्या आधी आपण शिपडतंव मां?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे खळं, म्हणजे अंगण, झाडायच्या आधी पाण्याचा शिपका मारतात. जन्मभर बघत आलोय. भिंत म्हणजे तरी काय, उभं केलेलं खळंच की! (विजेच्या यंत्राजवळ पाणी उडवणं हा शुद्ध गाढवपणा आहे, हे वायरमनने मला नंतर शिव्या देऊन समजावलं.)

बाबीने झाडांची झारी धरली, मी ड्रिल धरलं. आणि काय सांगू, धुरळा उडेना! एक कण नाही!

"बगलंस?" बाबी म्हणाला.

बघितलं. धुरळा उडत नव्हता, वाहत होता. लाल ओघळ पार जमिनीपर्यंत आला. मी फडक्याने पुसला, तर तो हातभर रुंद झाला. बाबीने दुसरं फडकं घेऊन मदत केली. आता अर्धी भिंत लाल.

"बाबी, ह्यो डाग जाता काय रे?"

"चिऱ्याचो? अजून तरी गेलेलो बगूक नाय," असं म्हणून तो झारी ठेवून घरी गेला.

पण पलंग कोरडा होता! सगळं लाल पाणी प्लास्टिकच्या मधोमध तळं करून साचलं होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि शुभांगीचा आवाज आला, "येवा, येवा! खोली तयार आसा!"

मी घाईघाईने प्लास्टिकचं टोक उचललं. एकच टोक. व्हायचं तेच झालं.

दारात शुभांगी आणि तिच्यामागे काका-काकी. गादीवरून लाल पाणी ठिबकत होतं. शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका आत आले. त्यांनी भिंत पाहिली, झारी पाहिली, मग मला पाहिलं.

"वल्लं कुणी केलं ह्ये?"

"मी."

"करवंटी हाय का घरात?"

देवबागात करवंटी! मागच्या दारी ढीग पडलाय. काकांनी ड्रिलची पिन काढून ते पुसून खडखडीत कोरडं केलं आणि समोरची कोरडी भिंत निवडली. करवंटीच्या डोळ्यातून ड्रिलची सळी घातली, करवंटीचं तोंड भिंतीवर दाबून धरलं आणि घर्रर्र! अर्ध्या मिनिटात भोक तयार, पूड सगळी करवंटीत. ती त्यांनी खिडकीतून माडाच्या मुळात ओतली.

"आमच्याकडं नारळ आणायचा तो देवाला फोडायला," ते म्हणाले. "तुमच्या तर डोक्यावर पडत्यात. तरी सुचलं न्हाई व्हय?"

काका-काकी दुसऱ्या खोलीत राहिले, बांगड्याचं तिखलं दोनदा मागून जेवले आणि गेल्यावर त्यांनी पाच तारे देऊन लिहिलं, "जेवण लई भारी. मालकीणबाई म्हणजे देवमाणूस. मालकांच्या हातात ड्रिल देऊ नये."

शुभांगीने ते मोठ्या अक्षरात छापून फ्रेम करून आणलं. मी उत्साहाने म्हटलं, "दी, टांगतंय." तिने कागद फ्रेममधून बाहेर काढला, मागून भाताची शितं चोळली आणि पडवीच्या भिंतीवर थापला.

आता येणारा प्रत्येक पाहुणा तो वाचतो, हसतो आणि मला विचारतो, "मालक कुठायत?"

"गावाला गेलेत," मी त्याची बॅग उचलत सांगतो. "मी इथे कामाला आहे."