मामांचा उभा लेथ

माझ्या मामांनी चाळीस वर्षं कारखान्यात धातू कातायच्या लेथवर काढली. टेबलाचा पाय अर्धा मिलिमीटर आखूड असला तरी त्यांना घास उतरत नाही, म्हणून घरात त्यांना सगळे 'मायक्रोमीटर' म्हणतात.

ऑपरेशननंतर मामी महिनाभर दोन चमच्यांपलीकडे जेवत नव्हती. असंच चाललं तर पुन्हा दाखल करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रविवारी सकाळी ती म्हणाली, "कारखान्याच्या गेटसमोर उभ्या सळईवर फिरत भाजलेल्या चिकनचे ते ग्रीक गायरोस मिळायचे ना, तसं काहीतरी खावंसं वाटतंय." तो स्टॉल केव्हाच उठला होता.

"मी करतो," मामा म्हणाले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले.

बंद पडलेल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर, तिच्यावर उभी सळई, समोर हीटरची कॉइल. दही, लसूण, लिंबात मुरलेलं चिकन त्यांनी थरावर थर सळईत खोवलं. सळई सरळ उभी आहे का, ते काटकोन तपासायचा गुण्या लावून दोनदा पाहिलं. मग चिकन संथ फिरू लागलं.

बाहेरून खरपूस झालं. मामांनी सुरी खुपसली, तर आत कच्चं. थांबले. बाहेर करपलं, आत कच्चंच.

"लेथवर वरचं काढलं की आत तोच धातू असतो," ते मला म्हणाले. "हे काय भलतंच? तू इंजिनिअर ना, सांग."

मी उष्णतावहन समजावायला लागल्यावर त्यांनी हात जोडले.

मामी भिंत धरत आली. "अहो मायक्रोमीटर, स्टॉलवाला अख्खं शिजायची वाट बघायचा का? वरचं झालं की तासायचा. मग आतल्याची पाळी."

"म्हणजे जॉब पुरा व्हायच्या आधीच द्यायचा?"

"द्यायचा."

मामांनी करपलेला थर काढून टाकला. पुढचा खरपूस होताच सुरी स्थिर धरून फिरत्या चिकनच्या पातळ पट्ट्या काढल्या. सुरी लेथवर हत्यार धरावं तशीच. मामीने त्या मऊ रोटीत गुंडाळून खाल्ल्या. मग आणखी मागितल्या.

मामांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि मला बाजूला ओढलं.

"अगं, मीठच राहिलंय यात! मग हिने खाल्लं कसं?"

मीही एक तुकडा चाखला. खरंच अळणी.

"अहो, झाला का पुढचा थर?" मामीने खुर्चीतून विचारलं.

मामांनी मिठाची बरणी उचलली, मामीच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, बरणी परत ठेवली आणि मला हळूच विचारलं, "नीट चालू असलेल्या सेटिंगला हात लावू की नको गं?"